पडलेली तार, अज्ञात दाब आणि पायाखालची जमीन

वादळ ओसरल्यावर रस्त्यावर पडलेली विजेची तार बहुतेक वेळा निरुपद्रवी दिसते. तिच्यातून ठिणग्या उडत नाहीत, धूर निघत नाही, आवाज येत नाही, आणि आसपासचे दिवे गेलेले असल्यामुळे तिच्यात आता वीज नसणार, असे पाहणाऱ्याला सहजच वाटते. या वाटण्याला कोणताही आधार नसतो. तारेत वीज आहे की नाही, असल्यास तिचा दाब किती, आणि या क्षणी नसलेली वीज पुढच्या क्षणी परत येईल का, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर नुसत्या पाहण्याने मिळत नाही, मग पाहणारा कितीही अनुभवी असो. ‘तारेपासून दूर राहा’ ही सूचना सर्वांनी ऐकलेली असते, पण तिच्यामागची कारणे माहीत नसली तर ऐन वेळी माणूस तिला मुरड घालतो; काठीने तार सरकवायला जातो, गाडीतून उतरतो, पडलेल्या माणसाकडे धाव घेतो. म्हणून ती कारणे येथे सविस्तर मांडतो आहे.

विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, हा विजेला पुढे ढकलणारा जोर असतो. प्रवाह, म्हणजे करंट, ही प्रत्यक्ष वाहणारी वीज असते. आणि वाटेतला पदार्थ या वाहण्याला जो अडथळा करतो त्याला रोध म्हणतात. माणसाला इजा होते ती शरीरातून गेलेल्या प्रवाहामुळे, परंतु तो प्रवाह किती असेल हे दाब आणि रोध मिळून ठरवतात. कोरड्या, जाड त्वचेचा रोध कधीकधी लाखभर ओहमपर्यंत असू शकतो, पण तीच त्वचा घामाने किंवा पावसाने भिजली की शरीराचा एकूण रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो. त्वचेच्या आत तर रक्त, स्नायू आणि क्षारयुक्त द्रवच असल्यामुळे तेथे विजेला फारशी अडवणूक होत नाही.

किती प्रवाह शरीराला झेपतो, याचे आकडे धक्कादायक वाटावेत इतके लहान आहेत. घरगुती विजेसारख्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या प्रवाहात साधारण १ मिलिअँपिअरला, म्हणजे एका अँपिअरच्या हजाराव्या भागाला, बोटांत मुंग्या जाणवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डॅल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात स्वयंसेवकांवर केलेल्या चाचण्यांत असे दिसले, की हातातली वस्तू स्वतःच्या इच्छेने सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सरासरी १०.५ मिलिअँपिअर असते. त्यापुढे हाताचे स्नायू आखडतात आणि मूठ उघडता येत नाही. प्रवाह आणखी वाढला की श्वासाचे स्नायू जखडतात, आणि १०० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह छातीतून सेकंदभर गेला तरी हृदयाचे ठोके मोडून ते नुसते थरथरू लागण्याचा गंभीर धोका असतो. हे थरथरणारे हृदय रक्त पुढे ढकलू शकत नाही. तुलनेसाठी सांगायचे, तर जुन्या पद्धतीच्या २५ वॅटच्या पिवळ्या दिव्यातून २३० व्होल्टवर सुमारे ११० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. खोली धड उजळतही नाही एवढ्या दिव्याला लागणारी वीज माणसाचे हृदय थांबवायला पुरेशी असते.

हा झाला घरातल्या दाबाचा हिशेब. वितरणाच्या वाहिन्यांत ११ किलोव्होल्ट, म्हणजे ११,००० व्होल्ट, हा नेहमीचा दाब आहे. काही शे व्होल्टच्या पुढे गेल्यावर त्वचेचा रोध टिकतच नाही. ती जळून भेदली जाते आणि उरतो तो फक्त आतल्या शरीराचा काहीशे ओहमचा रोध. अशा वेळी मिलिअँपिअरचा नव्हे, तर अँपिअरचा प्रवाह वाहू शकतो. तो हृदयावर आघात करतोच, शिवाय वाटेतले स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू आतून भाजून काढतो. बाहेर हातावर एक आणि पायावर एक असा लहानसा डाग दिसतो, पण त्या दोन डागांच्या मधली इजा किती खोल आहे याची त्यावरून कल्पना येत नाही.

दाब का कळत नाही

एकाच खांबावर अनेकदा वेगवेगळ्या दाबांच्या तारा असतात. सर्वांत वर काही हजार व्होल्टच्या, त्यांच्या खाली घराघरांत जाणाऱ्या काहीशे व्होल्टच्या, आणि त्याखाली टेलिफोन, केबल किंवा इंटरनेटच्या. खांब उभा असताना या क्रमावरून काहीतरी बोध होतो. खांब कलला, झाड कोसळले, तार तुटली, की तो क्रम मोडतो. वरची तार तुटून खालच्या तारेवर टेकली, तर खालच्या तारेतही वरचाच दाब उतरतो, आणि मग जी वाहिनी एरवी फक्त आवाज किंवा चित्रे वाहून नेते, तिलाही हजारो व्होल्ट चिकटलेले असू शकतात. त्यामुळे ‘ही तर केबलची वायर आहे’ हे वाक्य पडझडीच्या जागी निरर्थक ठरते. तार कोणाची होती यावरून काही ठरत नाही, आता ती कशाला टेकलेली आहे यावर सगळे ठरते, आणि ते टेकणे दोनशे मीटरवर, वळणापलीकडच्या एखाद्या झाडाच्या फांद्यांतही झालेले असू शकते.

तारेची जाडी किंवा तिच्यावरचे आवरण पाहूनही दाब ओळखता येत नाही. उंचावरच्या बहुतेक वाहिन्या उघड्या ॲल्युमिनियमच्या असतात आणि त्यांच्याभोवतीची हवा हेच त्यांचे विसंवाहक, म्हणजे वीज अडवणारे आवरण, असते. काही तारांवर काळे आवरण दिसते, पण ते पुष्कळदा फांद्यांच्या क्षणिक स्पर्शापासून किंवा हवामानापासून तारेचे रक्षण करण्यासाठी असते. माणसाने हात लावावा या हिशेबाने ते बनवलेले नसते, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्याला चिरा गेलेल्या असतात. पक्षी तारेवर बसतो आणि त्याला काही होत नाही, हेही कधीकधी सुरक्षिततेचा पुरावा म्हणून सांगितले जाते. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, म्हणजे जवळजवळ एकाच दाबावर असतात, म्हणून त्याच्या शरीरातून नाव घेण्याजोगा प्रवाह जात नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ही सवलत मिळत नाही.

तार पडली तर वीज आपोआप बंद होत नाही का

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटते. उपकेंद्रातील सर्किट ब्रेकर असो किंवा खांबावरचा फ्यूज असो, त्याला तार पडलेली दिसत नसते. त्याला फक्त प्रवाह समजतो. प्रवाह नेहमीपेक्षा बराच वाढला, तर काहीतरी बिघडले आहे असे मानून तो वाहिनी तोडतो. दोन तारा एकमेकींना भिडल्या तर प्रवाह प्रचंड वाढतो आणि ब्रेकर लगेच काम करतो. परंतु एकच तार तुटून कोरड्या जमिनीवर पडली, तर जमिनीच्या रोधामुळे तिच्यातून इतका थोडा प्रवाह वाहतो, की तो काही घरांच्या नेहमीच्या वापराहूनही कमी भरतो. साडेबारा किलोव्होल्टच्या वाहिनीवरील चाचण्यांत कोरड्या डांबरावर किंवा कोरड्या वाळूवर पडलेल्या तारेतून मोजण्याजोगा प्रवाह जवळजवळ वाहिलाच नाही, ओल्या गवतावर तो सुमारे ५० अँपिअर झाला आणि लोखंडी सळ्या असलेल्या काँक्रीटवर सुमारे ७५ अँपिअर. शेकडो अँपिअर वाहून नेणाऱ्या वाहिनीवर एवढ्याशा वाढीने ब्रेकर उघडेलच असे नाही. म्हणजे ठिणगी न उडवता कोरड्या डांबरावर गुपचूप पडलेली तार सर्वांत फसवी असते: तिच्यातला दाब पूर्ण शाबूत असतो, तिला फक्त चांगली वाट मिळालेली नसते. माणूस तिला टेकला, की ती वाट मिळते.

तीच तार कोरड्या गवतावर पडली, तर थोड्या प्रवाहाच्या चापानेही, म्हणजे हवेतून जळत राहणाऱ्या विजेच्या ठिणगीनेही, वणवा पेटतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ८ नोव्हेंबर २०१८ रोजी ११५ किलोव्होल्टच्या वाहिनीवरचा एक झिजलेला लोखंडी आकडा तुटला, तार मनोऱ्याला टेकली आणि त्यातून लागलेल्या आगीत ८५ माणसे दगावली. तार तुटण्याचे परिणाम ती जेथे पडते तेवढ्या जागेपुरते राहत नाहीत, याचे हे उदाहरण आहे.

ब्रेकर उघडला तरी काम संपत नाही. उंचावरच्या वाहिन्यांतले बहुतांश बिघाड क्षणिक असतात. फांदी टेकून बाजूला होते, वाऱ्याने तारा एकमेकींना स्पर्श करून सुटतात. अशा प्रत्येक वेळी पुरवठा तासन्तास बंद राहू नये, म्हणून पुष्कळ वाहिन्यांवर असे ब्रेकर बसवलेले असतात, की जे काही क्षणांनी स्वतःहून पुन्हा जोडले जातात. बिघाड कायम असला तर पुन्हा तुटतात, आणि असे दोन-तीनदा करून मगच कायमचे उघडे राहतात. ग्राहकाच्या दृष्टीने ही चांगली सोय आहे. पडलेल्या तारेजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र तिचा अर्थ असा, की जी तार आत्ता ठिणगी मारून शांत झाली, ती पुढच्या काही सेकंदांत पुन्हा चालू होऊ शकते. शिवाय दूरच्या नियंत्रण कक्षातील कर्मचारी पुरवठा सुरू करण्याचा प्रयत्न करत असतो, किंवा दुसऱ्या बाजूच्या वाहिनीवरून तोच भाग जोडून देत असतो, आणि तार कोठे पडली आहे हे त्याला कोणी कळवले नसेल तर ते त्याला ठाऊक नसते.

आणखी एक वाट आहे, जिचा विचार फार कमी लोक करतात. वीज गेल्यावर कोणीतरी घरातला जनरेटर सुरू करतो आणि मुख्य स्विच न तोडता तो थेट घराच्या वायरिंगला जोडतो. ट्रान्सफॉर्मर दोन्ही दिशांनी काम करतो; तो जसा ११,००० व्होल्टचे २३० व्होल्ट करतो, तसाच २३० व्होल्टचे पुन्हा हजारो व्होल्टही करतो. एका घरातल्या लहानशा जनरेटरची वीज अशी उलटी चढून, ज्या तारेचा पुरवठा उपकेंद्रातून बंद केलेला आहे, त्याच तारेत प्राणघातक दाब निर्माण करू शकते. जनरेटर जोडायचा असेल तर घर वाहिनीपासून पूर्ण तोडणारा अदलाबदलीचा स्विच असल्याशिवाय तो वायरिंगला जोडूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण येथे चूक करणारा एक आणि जीव जाणारा दुसराच असतो. याखेरीज शेजारून समांतर जाणारी दुसरी चालू वाहिनी असेल, तर तिच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रामुळे दोन्ही टोकांनी तुटलेल्या तारेतही दाब उपजतो. तार दोन्हीकडून सुटलेली दिसते म्हणून ती मृत आहे, हा निष्कर्षही म्हणूनच टिकत नाही.

पायाखालची जमीन

तारेला हात लावू नये, एवढे सगळ्यांना पटते. तारेला हात न लावताही केवळ तिच्या दिशेने चालत गेल्याने मृत्यू येऊ शकतो, हे मात्र पटायला वेळ लागतो, आणि या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

जमिनीवर टेकलेल्या तारेतून वीज मातीत शिरते आणि सर्व दिशांनी पसरते. माती विजेला अडवत असल्यामुळे तारेच्या टोकाशी दाब सर्वाधिक असतो आणि दूर जावे तसा तो उतरत जातो. तारेच्या टोकाभोवती विजेची एक अदृश्य टेकडी उभी आहे असे समजावे: शिखर तारेशी, उतार सुरुवातीला कड्यासारखा तीव्र आणि पुढे हळूहळू सपाट. या टेकडीवर माणसाचा एक पाय पुढे आणि एक मागे पडला, की दोन पाय दोन वेगवेगळ्या उंचींवर, म्हणजे दोन वेगवेगळ्या दाबांवर असतात. या फरकामुळे वीज एका पायातून चढते, शरीराच्या खालच्या भागातून जाते आणि दुसऱ्या पायातून उतरते. याला स्टेप व्होल्टेज म्हणतात. आपण त्याला पावलांमधला दाब म्हणू.

एक साधा हिशेब करून पाहता येतो. माती सर्वत्र सारखी आहे, तिची रोधकता, म्हणजे वीज अडवण्याचा तिचा गुण, १०० ओहम-मीटर आहे आणि तारेतून १०० अँपिअर प्रवाह एका बिंदूपाशी जमिनीत शिरतो आहे, असे धरू. मग त्या बिंदूपासून १ मीटरवर जमिनीचा दाब सुमारे १,५९० व्होल्ट येतो आणि २ मीटरवर सुमारे ७९५ व्होल्ट. म्हणजे एक पाय १ मीटरवर आणि दुसरा २ मीटरवर असलेल्या माणसाच्या दोन पावलांमध्ये जवळजवळ ८०० व्होल्टचा फरक असतो. तीन आणि चार मीटरमध्ये हा फरक सुमारे १३० व्होल्टवर येतो, आणि दहा आणि अकरा मीटरमध्ये तो १५ व्होल्टच्याही आत असतो. अनेक देशांतील वीजसंस्था पडलेल्या तारेपासून किमान १० मीटर, म्हणजे एका मोठ्या बसच्या लांबीएवढे, अंतर ठेवायला का सांगतात, ते या आकड्यांवरून ध्यानात येईल. पण हा हिशेब आदर्श मातीचा आहे. खरी तार एका बिंदूपाशी नव्हे तर अनेक ठिकाणी टेकलेली असते, जमिनीखाली नळ आणि सळ्या असतात, वर पाण्याची डबकी असतात, आणि यांतली प्रत्येक गोष्ट टेकडीचा आकार बदलते. म्हणून १० मीटर हे कमीत कमी अंतर समजावे. जमीन ओली असेल किंवा तार मोठ्या मनोऱ्यांवरच्या वाहिनीची असेल, तर त्याच्या कित्येक पट दूर राहणे शहाणपणाचे आहे.

एक गैरसमज येथे दूर करायला हवा. वीज दहा मीटर उडी मारते म्हणून हे अंतर ठेवायचे, असे अनेकांना वाटते. हवा फोडायला दर सेंटीमीटरला सुमारे ३० किलोव्होल्ट लागतात, त्यामुळे वितरणाच्या वाहिनीतली वीज हवेतून लांब उडी मारू शकत नाही. धोका जमिनीतून येतो, आणि तारेच्या हालचालीतूनही येतो: वर्षानुवर्षे ताणलेली तार तुटली की गुंडाळी होऊ पाहते, वाऱ्याने सरकते, पुरवठा परत आला की झटक्याने उसळते. आपण मोजून ठेवलेले अंतर ती स्वतःच कमी करू शकते.

जनावरांना पावलांमधल्या दाबाचा फटका अधिक बसतो, कारण त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असते आणि या दोन जोड्यांमधल्या वाटेवर त्यांचे हृदय येते. नॉर्वेतील हार्डांगरविडा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये आकाशातल्या विजेने ३२३ रेनडियर एकाच वेळी मरून पडले. प्रत्येक प्राण्यावर स्वतंत्र वीज कोसळलेली नव्हती. जमिनीत पसरलेल्या दाबाने कळपच्या कळप गेला. तेथे कारण आकाशातली वीज होती, पण जमिनीत घडते ते तेच. गुरे मरून पडलेली दिसली आणि जवळ तार लोंबत असेल, तर गुरांकडे धावत जाणारा माणूस त्याच टेकडीवर चढत असतो.

पायांत अचानक मुंग्या आल्या किंवा झिणझिणले, तर आपण त्या उतारावर आलो आहोत असे समजून जागीच थांबावे. मागे वळून लांब ढांगा टाकत पळणे ही सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत घातक हालचाल आहे, कारण जितकी ढांग मोठी तितका दोन पावलांमधला दाब मोठा. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवून, तळवे जमिनीवरून न उचलता, एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्यापुढे जाणार नाही अशा बेताने घसटत घसटत दूर जावे. लहान उड्या मारूनही जाता येते, पण तोल जाऊन हात टेकले तर हात आणि पाय यांच्यातला फरक थेट छातीतून जातो. म्हणून घसटत जाणे अधिक चांगले.

लोखंडी कुंपण, रस्त्याकडेचा कठडा, पाण्याचा नळ, कपडे वाळत घालण्याची तार यांच्याबाबतीत अंतराचा सगळा हिशेब कोलमडतो. धातू दाब उतरू न देता लांबवर वाहून नेतो, त्यामुळे एका टोकाला तार टेकलेल्या कुंपणाचा दाब शंभर मीटरवरच्या दुसऱ्या टोकालाही जवळजवळ तेवढाच असू शकतो. साचलेल्या पाण्यातून तर जाऊच नये. पाण्याखाली तारेचे टोक कोठे आहे हे दिसत नाही, आणि भिजलेल्या पायांचा रोधही कमी झालेला असतो.

गाडीवर तार पडली तर

चालत्या किंवा उभ्या गाडीवर तार पडली, तर आत बसून राहणे हेच सर्वांत सुरक्षित. टायर रबराचे असतात म्हणून आतला माणूस वाचतो, हा समज मात्र बरोबर नाही. टायरच्या रबरात काजळी मिसळलेली असते आणि आत पोलादी तारा असतात. हजारो व्होल्टपुढे टायर तापतो, पेटतो, कधी फुटतोही. आतला माणूस वाचतो, कारण गाडीचा धातूचा सांगाडा सगळा एकाच दाबावर येतो, आणि आत बसलेल्याच्या शरीरात दाबाचा फरकच निर्माण होत नाही. मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली धातूच्या पिंजऱ्यावर केलेल्या प्रयोगांतून हेच तत्त्व दाखवून दिले होते. दुचाकी किंवा उघड्या वाहनाला असे कवच नसते.

मरण ओढवते ते उतरताना. एक पाय जमिनीवर आणि हात अजून दारावर, अशा त्या अर्ध्या क्षणात माणूस गाडीचा दाब आणि जमीन यांच्यामधला पूल बनतो. म्हणून फोन करावा, धातूला हात न लावता बसून राहावे, आणि मदतीला धावणाऱ्यांना काचेआडूनच ओरडून दूर ठेवावे. त्यांनी बाहेरून गाडीला हात लावला, तर हाच पूल उलट बाजूने तयार होतो. गाडीला आग लागली तरच बाहेर पडावे लागते. तेव्हा दार पूर्ण उघडून, हात छातीशी घेऊन, गाडीच्या कोणत्याही भागाला स्पर्श न करता दोन्ही पाय जुळवून उडी मारावी, जुळलेल्या पायांवरच उतरावे आणि तसेच घसटत दूर जावे. विसरलेली वस्तू घ्यायला परत वळू नये.

काठी, हातमोजे आणि मीटर

शॉक बसलेल्या माणसाला कोरड्या लाकडाने बाजूला करावे, हा सल्ला पिढ्यान्पिढ्या सांगितला जातो. घरगुती दाबासाठी, स्विच सापडतच नसेल तेव्हा, त्याला काही अर्थ आहे. पण तोच सल्ला रस्त्यावर पडलेल्या तारेला लावल्याने माणसे मरतात, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कोरडे दिसणाऱ्या लाकडातही ओल असते, पृष्ठभागावर धूळ आणि क्षार असतात, आणि हजारो व्होल्टला तेवढी वाट पुरते. साध्या रबरी चपला, स्वयंपाकघरातले किंवा बागेतले हातमोजे यांचेही तसेच. लाइनमनचे रबरी हातमोजे ठरावीक दाबासाठी बनवलेले आणि तपासलेले असतात. त्यांचा सर्वांत वरचा वर्ग ३६,००० व्होल्टपर्यंतच्या कामासाठी असतो, प्रत्येक वापरापूर्वी त्यांत हवा भरून सुईच्या टोकाएवढे छिद्र तर नाही ना हे पाहतात, आणि रबर फाटू नये म्हणून वरून कातडी मोजे चढवतात. शिवाय काठीचा सगळा विचार हातापुरताच असतो. काठी घेऊन तारेपर्यंत पोहोचणारा माणूस पायांनी त्या टेकडीच्या शिखरावर गेलेला असतो.

विजेची थोडीफार कामे करणाऱ्यांना वेगळाच मोह होतो: मीटर लावून पाहू. दाब अज्ञात असताना मीटर लावणे ही मोजणी राहत नाही, तो जुगार होतो. मल्टिमीटरवर १,००० व्होल्ट लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ त्याच्या आतली अंतरे आणि फ्यूज तेवढ्याच दाबाला पुरे पडतील असा असतो. त्याखाली छापलेली दुसरी, तिसरी किंवा चौथी श्रेणी (CAT II, III, IV) ही वाहिनीत क्षणभर उसळणारा दाब तो किती सोसेल हे सांगते. ११,००० व्होल्टला असा मीटर टेकवला, तर काटा पुढे जाण्यापूर्वी आतल्या आत चाप पेटतो आणि मीटर हातात फुटतो. तारेजवळ नेल्यावर लुकलुकणारी पेनसारखी चाचणीही घरातल्या सॉकेटपुरतीच असते. ती लुकलुकली तर वीज आहे असे मानावे; ती गप्प राहिली तर त्यावरून काहीच मानू नये.

कोणाला शॉक बसला असेल तर

माणसाच्या मनाची सर्वांत मोठी परीक्षा येथे होते, कारण समोर पडलेला माणूस आपल्याच घरचा असू शकतो. तरीही तारेचा पुरवठा बंद झाल्याचे वीजकर्मचाऱ्याने सांगेपर्यंत त्या वर्तुळात जाता येत नाही. धावत जाणारा दुसरा माणूस पहिल्याला वाचवत नाही. तो त्याच्या शेजारी पडतो, आणि मग तिसऱ्याला दोघे दिसतात. त्या माणसासाठी सर्वांत लवकर करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे तत्काळ आपत्कालीन सेवेला आणि वीजसंस्थेला फोन करणे, नेमके ठिकाण आणि वाचता येत असेल तर खांबाचा क्रमांक सांगणे, तार जमिनीवर आहे, माणूस तिला चिकटलेला आहे किंवा गाडीत अडकलेला आहे, हे स्पष्ट शब्दांत कळवणे, आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्यांना लांबच अडवून धरणे. फोनवर ‘वीज गेली’ एवढेच सांगितले, तर कर्मचारी वीज परत आणण्याचा प्रयत्न करील. ‘तार पडली आहे’ हे शब्द उच्चारले गेलेच पाहिजेत.

जागा सुरक्षित झाल्याचे कळताच मात्र एक क्षणही दवडू नये. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब द्यावा आणि हृदयाला झटका देणारे यंत्र जवळ असेल तर ते आणवावे. छाती दाबून रक्त फिरते ठेवण्याच्या या उपचाराचा उगम विजेच्या अपघातांशीच जोडलेला आहे. लाइनमनच्या मृत्यूंनी चिंतेत पडलेल्या अमेरिकेतील वीजकंपन्यांनी १९२० च्या दशकात थरथरणाऱ्या हृदयावरील संशोधनाला पैसा पुरवला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विद्युत अभियंता विल्यम कौवेनहोवन त्यात गुंतले, आणि १९६० मध्ये त्यांनी, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांनी छाती न उघडता हृदय चालते ठेवण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली.

शॉक बसलेला माणूस उठून बसला आणि बरे वाटते म्हणाला, तरी उच्च दाबाशी संपर्क आला असेल तर त्याला रुग्णालयात न्यावेच. हृदयाची लय नंतर बिघडू शकते, आणि आत जळालेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडे निकामी करू शकतात.

कर्मचारी आल्यावरही काम संथ चालले आहे असे बघ्यांना वाटते आणि ते अधीर होतात. तो वेळ कशात जातो हे पाहण्यासारखे असते. आधी वाहिनी सर्व बाजूंनी तोडली जाते; मग ती कोणी चुकून जोडू नये म्हणून स्विचला कुलूप आणि सूचनेची पाटी लावली जाते; मग त्या दाबासाठी बनवलेला शोधक लांब विसंवाहक दांड्यावर बसवून तारेला लावला जातो, आणि तो शोधक स्वतः चालतो आहे ना, हे आधी आणि नंतर दोन्ही वेळा पडताळले जाते. त्यानंतर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा एकत्र जोडून जमिनीला बांधतात, म्हणजे कोठूनही वीज आली तरी ती माणसातून न जाता जमिनीत जावी. आणि जवळपास चालू राहिलेले भाग झाकले जातात. ज्यांना वाहिनीचा नकाशा, दाब आणि स्विच माहीत असतात, जे दररोज हेच काम करतात, तेदेखील अर्थिंगचे शेवटचे टोक घट्ट बसेपर्यंत त्या तारेला चालूच मानतात.